राजाने शिंगाला पट्टा लावला त्याची गोष्ट

एका राज्यात नदी एकच होती. तिचे नाव शुभ्रा. नीलकूट नावाच्या सुळक्याच्या माथ्यावर तिचा झरा होता. तिथून ती उडी घेई, रानातून धावत येई, राजधानीच्या तटाला वळसा घाली आणि शेतोशेत जाई.

त्या राज्याचा राजा हेमांगद. वयाने उतरलेला, मनाने ताठ, एका पायाने अधू. तरुणपणीच्या लढाईत घोडा अंगावर पडला, तेव्हापासून त्याचा डावा गुडघा वाकत नसे. राणी फार लवकर गेली; कन्या तेव्हा रांगतही नव्हती. त्या कन्येचे नाव सुवेणी. राजाने तिला दाईच्या हाती सोपवले नाही. दरबार थांबवून तिला भात भरवला, तापात तिच्या उशाशी बसला, आणि रोज सकाळी सिंहासनावर बसण्याआधी तिची वेणी स्वतःच्या हाताने घातली. प्रधान कागद घेऊन दाराशी उभे राहत. राजा म्हणे, एवढे तीन पेड होऊ द्या. प्रधान होऊ देत.

अशी ती मोठी झाली, आणि त्या राज्यात करालक नावाचा मांत्रिक आला. त्याने राजाकडे नदी मागितली. नदीचे पाणी नव्हे, नदीच. त्याला ती आपल्या आरशात ठेवायची होती. राजाने सांगितले की नदी माझी नाही, पिणाऱ्यांची आहे, ती मी कशी देऊ? करालक रागावला नाही. तो उठला, नीलकूटावर गेला, झऱ्याच्या तोंडावर त्याने एक काळी शिळा बसवली आणि शेजारी मांडी घालून बसला. नदी थांबली.

शाप देणाऱ्याला शाप मोडण्याची वाट ठेवावी लागते, हा मांत्रिकांचा नियम आहे. करालकाने ती ठेवली, पण अरुंद ठेवली. शिळा घणाने फुटणार नव्हती, छिन्नीने फुटणार नव्हती. फुटणार होती फक्त बारुदीने. ती बारूद राजाने स्वतः घडवलेल्या पात्रात असावी, आणि राजाच्या रक्ताच्या माणसाने ती एकट्याने वर आणावी. धातूचे, मातीचे, लाकडाचे कोणतेही पात्र त्या सुळक्यावर टिकणार नव्हते.

राजाच्या रक्ताची माणसे दोनच. एक राजा, दुसरी सुवेणी.

सुवेणीने एकदाच विचारले, मी जाऊ का? राजा नाही म्हणाला. तिने पुन्हा विचारले नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून ती वाड्यात दारातून येईनाशी झाली. तटाची भिंत बाहेरून चढून येऊ लागली. राजाला हे दिसत होते. त्याने पाहिले न पाहिलेसे केले.

तीन कामे होती. पात्र शिंगाचेच टिकणार, म्हणून शिंग मिळवायचे, बारूद करायची आणि शिंगाला पट्टा लावायचा. कारण नीलकूट हातापायांनी चढायचा सुळका, हातात काही धरून तिथे कुणी जाऊ शकत नव्हते. पट्ट्याचे काम सगळ्यांत सोपे, असे प्रधान म्हणाले आणि राजालाही तसेच वाटले.

राजा पाण्याची चामडी मसक खांद्यावर घेऊन, काठी टेकत रानात गेला. तिथे रानाचा म्हातारा गवा तहानेने पडला होता. राजाने त्याला मसकभर पाणी पाजले. गवा उठला, त्याने आपले डोके खडकाला घासले, आणि पिकलेले फळ देठापासून सुटावे तसे त्याचे एक शिंग सुटून आले.

गवा म्हणाला, "हे शिंग कुणाच्या खांद्यावर जाणार ते तू ठरव. पण खरे ठरव. खोट्या खांद्यावर ते राहणार नाही."

राजाने मान डोलावली. ऐकले त्याने, पण मनावर घेतले नाही.

मग बारूद. सोरा जुन्या भिंतींवरून खरवडून मिळाला, कोळसा रुईच्या लाकडाचा केला, आणि गंधकासाठी राजा धुमसत्या कुंडावर गेला. कुंडावर नाग बसला होता. त्याने गंधकाच्या बदल्यात राजाची सावली मागितली. राजाने ती दिली. तेव्हापासून राजा उन्हातून चाले तेव्हा एकटाच चाले.

घरी येऊन राजाने शिंग उकळले, आतला गाभा काढला, वाळूने घासले, तेलाने चोळले. मधाच्या रंगाचे, उजेडापुढे धरले तर आतली बारूद सावलीसारखी दिसेल असे ते शिंग झाले. रुंद तोंडावर शिंगाचीच चकती बसवून ती लाखेने सांधली. टोकाला भोक पाडून त्याला शिंगाचेच बूच केले. टोकाकडे मानेला एक खाच कोरली आणि बुडाशी पट्टा ओवायला एक कान राखला. सुवेणी शेजारी बसून पाहत होती. मध्येच तिने राजाच्या भुवईवर उडालेला भुसा पदराने पुसला.

पट्टा राहिला होता. राजाने रेशमाचा गोफ घेतला, आपल्या खांद्यावरून कमरेपर्यंत माप धरले, दोन्ही टोके शिंगाला पक्की बांधली आणि शिंग गळ्यात घालून निघाला. राजवाड्याची पायरी उतरतो तोच गोफ आपोआप सुटला आणि शिंग पायरीवर टेकले. प्रधान म्हणाले, रेशीम गुळगुळीत असते. राजाने हरणाच्या कातड्याचा पट्टा केला. पुन्हा आपल्या खांद्यावरून माप घेतले. वेशीपर्यंत तो टिकला. तिथे गाठही सुटली नाही, कातडेही तुटले नाही. पट्टा खांद्यावर राहिला आणि शिंग धुळीत पडले.

तोवर शहरातल्या विहिरी आटल्या होत्या. एकाच विहिरीत पाणी होते, आणि बायका घागरीऐवजी वाट्या घेऊन तिथे येत. गुरे रानात सोडून दिली होती. काही घरांना कुलपे लागली होती.

राजाने आपल्या लढाईच्या घोड्याचे जीन उसवले. त्याची वादी कधी दगा देणारी नव्हती. तिसरा पट्टा त्याने त्या वादीचा केला, तिसऱ्यांदा आपलाच खांदा मोजला, आणि सुवेणीला न सांगता नीलकूटाच्या पायथ्याशी गेला. काठी टाकून त्याने खडकाला हात घातला. माणूसभर उंच चढला. तिथे गुडघ्याने नकार दिला, आणि त्याच क्षणी शिंग खांद्यावरून निसटले, खडकावर आपटले, घरंगळत खाली गेले. बूच उडाले. मूठभर बारूद मातीत सांडली.

राजा घसरत खाली आला आणि शिंगाजवळ बसला.

तिथे एका जुन्या बेहड्याच्या झाडावर धनेश पक्षी राहत असे. त्याची मादी झाडाच्या ढोलीत अंड्यांवर बसलेली होती. ढोलीचे तोंड मातीने लिंपून घेतलेले, फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. धनेश दिवसभर लांबून फळे आणून त्या फटीतून तिला भरवी. सवड नसल्यामुळे तो आजवर कुणाशी बोलला नव्हता. त्या दिवशी चोचीतले फळ मादीला देऊन झाल्यावर तो खालच्या फांदीवर आला.

"राजा," तो म्हणाला, "पट्टा चांगला आहे. माप चुकले आहे."

राजा म्हणाला, "माप माझे आहे. मी तीनदा घेतले."

"तेच चुकले आहे," धनेश म्हणाला, आणि पुन्हा फळे आणायला उडून गेला.

राजा बराच वेळ तिथे बसला. खरा खांदा कुणाचा, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ज्या मुलीला जिन्यावरून उतरतानाही त्याने हात दिला होता, तिला त्या सुळक्यावर एकटी पाठवायचे, हे त्याच्याने होत नव्हते. त्यापेक्षा आपण पडावे, हे त्याला सोपे वाटत होते. पण आपण पडून नदी येणार नव्हती. त्याने मातीतली बारूद चिमटीचिमटीने वेचली, शिंगात भरली आणि तो घरी आला.

सुवेणी अंगणात गुरांच्या रिकाम्या कुंड्या पालथ्या घालत होती.

"वेणू, सरळ उभी राहा," राजा म्हणाला.

"कशाला, आबा?"

"माप घ्यायचे आहे."

ती उभी राहिली. राजाने वादी तिच्या उजव्या खांद्यावर टाकली, पाठीवरून तिरकी खाली आणली, डाव्या हाताच्या खाली धरली. मग त्याने माप पुन्हा घेतले.

"श्वास भरून घे," तो म्हणाला. "चढताना छाती फुगते."

तिने श्वास भरून घेतला. मग त्याने तिला हात वर करायला लावले, वाकायला लावले, गुडघा पोटाशी घ्यायला लावला. शिंग गुडघ्याला लागू नये, खडक आणि अंग यांच्यामध्ये येऊ नये, आणि मान न वळवता एका हाताने बूच काढता यावे, इतक्या उंचीवर त्याने खूण केली.

वादी तीच होती. राजाने ती उभी चिरून तिचे तीन पेड केले आणि ते विणायला बसला. त्याला दुसरी कोणती वीण येत नव्हती. हीच येत होती, आणि ही त्याच्या बोटांना न बघता येत होती. सुवेणी समोर बसून पेडांची टोके ताणून धरत होती. वेणी पुरी झाल्यावर त्याने बुडाकडचे टोक शिंगाच्या कानातून ओवले, त्याला चीर पाडून शिंगाची छोटी खुंटी आडवी घातली. टोकाकडे गाठ मारलीच नाही. कच्चे चामडे भिजवून ते मानेच्या खाचेत पट्ट्यासकट घट्ट गुंडाळले आणि शिंग उन्हात ठेवले. भिजवायला पाणी लागले ते दोघांनी आपल्या वाटणीच्या पाण्यातून दिले. ऊन चढले तसे चामडे आवळत गेले, आणि दुपारी ते शिंगाचाच भाग असल्यासारखे कडक झाले.

सुवेणीने शिंग गळ्यात घातले, अंगणातून वेशीपर्यंत धावत गेली आणि धावत आली. शिंग जागचे हलले नाही.

राजा पायथ्यापर्यंत तिच्याबरोबर गेला. तिथे त्याने तिचा पदर खोचून दिला, चकमक तिच्या कनवटीला दिली आणि खडकापासून बाजूला झाला.

सुवेणी चढू लागली. बेहड्याचा शेंडा खाली राहिला, रान खाली राहिले, वाऱ्याने अंगाला ढकलायला सुरुवात केली. तेव्हा करालकाने खडकाच्या आतून राजाच्या आवाजात तिला हाक मारली. म्हणाला, राजकन्ये, नदी सुटली, परत ये. तिने खाली पाहिले नाही. खालून पाण्याचा आवाज येत नव्हता. ती चढत राहिली. दुसऱ्यांदा आवाज म्हणाला, राजकन्ये, मी पडलो आहे, परत ये. तिचा पाय थांबला. पण आबांनी तिला आयुष्यात कधी राजकन्ये म्हटले नव्हते. ती पुन्हा चढू लागली.

शेवटच्या कड्याशी दोन्ही हात वर एका कपारीत होते आणि एकाच पायाला आधार होता. तिथे आवाज अगदी कानाशी आला.

"वेणू," तो म्हणाला, "पट्टा तुटतो आहे. शिंग धर."

नाव बरोबर होते. आवाज बरोबर होता. खांद्यावर काही सरकल्यासारखेही झाले. एक हात सोडून चाचपून पाहिले असते तर तिचा तोल गेला असता, आणि पाहिले नसते आणि शिंग खरेच पडले असते तर राज्याची आशा गेली असती. सुवेणीने डोळे मिटले. त्या पट्ट्याचे पेड तिने स्वतः ताणून धरले होते. प्रत्येक पेडावर आबांनी दिलेली ओढ तिच्या हातांना कळली होती. तिने हात सोडला नाही. अंग वर खेचले, कोपर माथ्यावर टेकले, गुडघा टेकला. मग तिने हात खाली नेला. शिंग होते तिथेच होते.

करालक शिळेशेजारी मांडी घालून बसला होता. त्याला उठण्याची मनाई होती. तोही नियमच होता. सुवेणीने शिळेच्या फटीत बारूद ओतली आणि ठिणगी पाडली. पहिल्या बाराने शाप पुसला गेला. दुसऱ्या बाराने शिळेला तडा गेला. तिसऱ्या वेळी तिने शिंग उलटे धरून झटकले, शेवटचा कण ओतला, आणि त्या बाराने शिळा दुभंगली.

शुभ्रा बाहेर आली. आधी गढूळ, मग पांढरी. करालकाची विद्या पाण्याबरोबर वाहून गेली, पाठोपाठ करालकही गेला, आणि बऱ्याच खाली एका वळणावर साधा, खोकणारा म्हातारा होऊन काठाला लागला. लोकांनी त्याला कोरडे केले, पेज दिली आणि राज्याची सीमा दाखवली. तो गेला.

विहिरी चढल्या. कुलपे उघडली. गुरे आपली आपण परत आली. धनेशाच्या मादीने लिंपण फोडले आणि पिलांना घेऊन ती बाहेर आली.

सुवेणी संध्याकाळच्या आत उतरली. राजा ज्या जागी तिने त्याला सोडले होते तिथेच उभा होता, घोट्यापर्यंत पाण्यात. बसला नव्हता. त्याने तिचे हात उलटेपालटे करून पाहिले, गालावरची काजळी अंगठ्याने पुसली. मग पट्टा जिथे होता तिथला खांदा पाहिला. तिथे लाल वळ उठला होता.

"पट्टा बोटभर लांब हवा होता," तो म्हणाला. "रुतला तुला."

"रुतत होता म्हणून तर कळत होते, आबा," सुवेणी म्हणाली, "की आहे."

राजाने तोंड नदीकडे फिरवले. मग सुवेणीने त्याची काठी पाण्यातून शोधून आणली, त्याचा हात आपल्या दुसऱ्या खांद्यावर घेतला, आणि दोघे काठाकाठाने घरी निघाली.

ही हेमांगद राजाची आणि सुवेणीची गोष्ट. ज्यांनी ऐकली त्यांच्या विहिरी भरलेल्या राहोत, आणि ज्यांची माणसे उंच गेली आहेत ती सांजेच्या आत खाली येवोत.