दिवाणसाहेबांची हुकमी कुत्री

रखमाजी माळ्याने वर्षभर खपून राजवाड्यापुढची हिरवळ जोपासली. दिवाणसाहेबांच्या दोन कुत्र्यांनी ती आठवड्यात उकरून, मुतून पिवळी केली.

"माळी बदला!" राजेसाहेब कडाडले. रखमाजीने चाचरत कुत्र्यांचं नाव घेतलं.

दिवाण उसळले. "माझी कुत्री माझ्या हुकुमाशिवाय पाऊल टाकत नाहीत! बघाच, सरकार." त्यांनी चुटकी वाजवताच दोन्ही कुत्री गपकन बसली. राजेसाहेब खूश झाले.

सकाळीच शिंपलेल्या ओल्या मातीतल्या कुत्र्यांच्या पंजांच्या ठशांवर रखमाजीची नजर खिळली, आणि त्याने हात जोडले.

"दिवाणसाहेब खोटं कशाला बोलतील, सरकार? फक्त हे पंजे इथे त्यांनी कोणत्या हुकुमाने उमटवून घेतले, तेवढं विचारा."

दिवाणांनी कुत्र्यांसाठी साखळ्या मागवल्या.