मुंगीची बुंदी आणि रेणूचा आळशी डोळा

मुंगी निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.
डोक्यावर एक बुंदी. पिवळी पिवळी, गोड गोड.
मुंगी एवढीशी. बुंदी एवढी मोठ्ठी!
वाटेत मुंगीला आली शिंक. आ... आ... आक् छी!
बुंदी पडली. गडगड, गडगड, गडगड. गेली!

फरशी होती ठिपक्यांची. तांबडे ठिपके, काळे ठिपके, पिवळे ठिपके.
त्यात बुंदी कुठली आणि ठिपका कुठला?
मुंगीने एक ठिपका चाटून पाहिला. शी! फरशी!
दुसरा ठिपका चाटून पाहिला. शी! फरशी!

"अगं बाई!" मुंगी म्हणाली. "आता रेणूची आई केर काढायला येईल. झाडू आला, की बुंदी गेली. घरी माझी पाच बाळं उपाशी. त्यांना काय देऊ?"

तिथेच रेणू बसली होती. रेणू तीन वर्षांची.
नाकावर गोल गोल चष्मा. चष्म्याआड दोन डोळे.
उजवा डोळा कामसू. सगळं तोच बघायचा.
डावा डोळा आळशी. नुसत्या डुलक्या काढायचा.
बुंदी गेली होती डावीकडे. म्हणून मुंगीने डाव्या डोळ्याला हाक मारली.

"डाव्या डोळ्या, डाव्या डोळ्या, ऊठ ना!
माझी बुंदी मिळेना!"

डावा डोळा म्हणाला, "आँ? मी नाही उठणार! बघायला उजवा आहे ना? उजवा झोपला, तर मी उठेन."

मुंगी वळली उजव्या डोळ्याकडे.

"उजव्या डोळ्या, उजव्या डोळ्या, झोप ना!
डावा डोळा उठेना,
माझी बुंदी मिळेना!"

उजवा डोळा म्हणाला, "मी नाही झोपणार! सकाळपासून एकटा बघतोय. दमलोय खूप. पण पांघरुणाशिवाय मला झोप येत नाही. माझं पांघरूण म्हणजे पट्टी. पट्टी चिकटली, तर मी झोपेन."

पट्टी होती टेबलावर, डबीत. डॉक्टरकाकूंनी दिलेली.
रोज थोडा वेळ ती उजव्या डोळ्यावर लावायची. तेवढा वेळ डाव्याने काम करायचं.
मुंगी गेली टेबलावर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"पट्टीबाई, पट्टीबाई, चिकट ना!
उजवा डोळा झोपेना,
डावा डोळा उठेना,
माझी बुंदी मिळेना!"

पट्टी म्हणाली, "मी नाही चिकटणार! बघ, मी कोरी आहे. या घरची रीत माहीत नाही का तुला? पट्टीवर जे चित्र, ते डाव्या डोळ्याने शोधायचं. फूल काढलं, की फूल शोधायचं. चमचा काढला, की चमचा शोधायचा. कोरी पट्टी लावून काय शोधणार? ताईने चित्र काढलं, तर मी चिकटेन."

ताई म्हणजे रेणूची मोठी बहीण. ती खिडकीत बसली होती.
मुंगी गेली खिडकीत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ताई, ताई, चित्र काढ ना!
पट्टी काही चिकटेना,
उजवा डोळा झोपेना,
डावा डोळा उठेना,
माझी बुंदी मिळेना!"

ताई म्हणाली, "मी नाही काढणार! काल मी मांजर काढलं. रेणू म्हणाली, बटाटा! मग सगळं घर बटाटा शोधत बसलं. आणि आज माझं पिवळं पेन बाबांनी पळवलंय. बाबांनी पेन दिलं, तर मी काढेन."

बाबा बसले होते खुर्चीत. मांडीवर पेपर. हातात ताईचं पिवळं पेन.
बाबा शब्दकोडं सोडवत होते.
मुंगी गेली खुर्चीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाबा, बाबा, पेन द्या ना!
ताई चित्र काढेना,
पट्टी काही चिकटेना,
उजवा डोळा झोपेना,
डावा डोळा उठेना,
माझी बुंदी मिळेना!"

बाबा म्हणाले, "मी नाही देणार! एक शब्द अडलाय, मुंगूबाई. तीन अक्षरं. पांढरा शुभ्र, एका पायावर पाण्यात उभा. कोण बरं? कोण बरं? आजीने शब्द सांगितला, तर मी देईन."

आजी मटार सोलत होती. टप्, टप्, टप्.
मुंगी गेली आजीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आजी, आजी, शब्द सांग ना!
बाबा पेन देईनात,
ताई चित्र काढेना,
पट्टी काही चिकटेना,
उजवा डोळा झोपेना,
डावा डोळा उठेना,
माझी बुंदी मिळेना!"

आजी म्हणाली, "मी नाही सांगणार! रोज कोडं त्याचं आणि डोकं माझं! आणि ती रेणू बघ. पट्टी नको म्हणून गाल फुगवून बसलीये. मला नाही बाई करमत. रेणू हसली, तर मी सांगेन."

मुंगी आली परत रेणूकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पाय दुखले, तरी तुरुतुरु.

"रेणू, रेणू, हस ना!
आजी शब्द सांगेना,
बाबा पेन देईनात,
ताई चित्र काढेना,
पट्टी काही चिकटेना,
उजवा डोळा झोपेना,
डावा डोळा उठेना,
माझी बुंदी मिळेना!"

रेणू म्हणाली, "मी नाही हसणार! पट्टी लावली, की मला नीट दिसत नाही. सगळं धुकं धुकं."

"मलाही नीट दिसत नाही," मुंगी म्हणाली. "मी जवळ जाऊन बघते. अगदी जवळ. तू पण बघशील जवळ जाऊन?"

"नाही!" रेणू म्हणाली. गाल अजूनच फुगले. फुग्गा!

मुंगी गेली रेणूच्या पायाशी.
मुंगी चढली रेणूच्या तळपायावर.
तुरुतुरु... तुरुतुरु...
"ई!" रेणू म्हणाली.
तुरुतुरु... तुरुतुरु...
"खी!"
तुरुतुरु... तुरुतुरु...
"खी खी! खी खी खी! गुदगुल्या!"

रेणू हसली, तशी आजी हसली. आजीने शब्द सांगितला, "बगळा!"
आजीने शब्द सांगितला, तसं बाबांनी पेन दिलं.
बाबांनी पेन दिलं, तसं ताईने चित्र काढलं. पिवळा पिवळा गोल.

"ओळख बघू," ताई भीत भीत म्हणाली.
"बुंदी!" रेणू म्हणाली.
"हुश्श!" ताई म्हणाली. "आज बटाटा नाही!"

ताईने चित्र काढलं, तशी पट्टी चिकटली. चप्प! वर चष्मा बसला. टक्!
पट्टी चिकटली, तसा उजवा डोळा झोपला. घुर्र, घुर्र.
उजवा डोळा झोपला, तसा डावा डोळा उठला.
आळस दिला. आँऽऽ! आणि बघायला लागला.

धुकं धुकं. ठिपकेच ठिपके.
"जवळून," मुंगी म्हणाली. "अगदी जवळून."
रेणू फरशीवर पालथी पडली. नाक फरशीला टेकलं.

"ही?" रेणूने बोट ठेवलं.
मुंगीने चाटून पाहिलं. "शी! फरशी!"
"मग ही?"
"शी! फरशी!"

तेवढ्यात आला आवाज. सर्र, सर्र, सर्र. आई आली! हातात झाडू!

"लवकर, रेणू, लवकर!" मुंगी ओरडली.
सर्र, सर्र. झाडू जवळ आला.
डावा डोळा बारीक झाला. बघतोय, बघतोय, बघतोय...
"ही!" रेणू म्हणाली.
मुंगीने चाटून पाहिलं.
"गोड!"

"आई, थांब!" रेणू ओरडली. "इथे मुंगी आहे! झाडू नको!"
झाडू थांबला. आई वाकली. "कुठे गं? मला तर दिसत नाही."
"ही काय! आणि ही तिची बुंदी!"
"खरंच की!" आई म्हणाली. "केवढीशी आहे! तुला बरी दिसली?"
"मला नाही, डाव्या डोळ्याला दिसली!" रेणू म्हणाली.

मुंगीने बुंदी डोक्यावर घेतली.
मुंगी निघाली घरी. तुरुतुरु, तुरुतुरु. आता शिंक नाही!
मुंगी पुढे. रेणू रांगत मागे.
टेबलाच्या खालून. चपलांच्या मधून. भिंतीच्या कडेकडेने.
डावा डोळा एकदाही झोपला नाही.

आई म्हणाली, "रेणू, वेळ झाली. ये, पट्टी काढू."
रेणू म्हणाली, "थांब ना गं! मुंगी अजून घरी नाही पोचली!"

मुंगी शिरली भिंतीच्या भोकात.
बुंदी शिरली पाच पोटांत.
मग कुठे पट्टी निघाली,
आणि मग कुठे गोष्ट संपली.