भिकाजीकाका लिनक्स बसवतात

एका गावात भिकाजीकाका नावाचे एक भोळे गृहस्थ होते. पण वयानं मोठे, म्हणून त्यांना भोळं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या पुतणीनं, ऋजुतानं, घरातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायचं ठरवलं. पावसाळाभर चिखल तुडवून तिनं बेडकांचे आवाज रेकॉर्ड केले होते. सोमवारी ते कॉलेजात द्यायचे होते. तिनं सगळे बेडूक पेनड्राइव्हवर हलवले, कॉम्प्युटरची डिस्क रिकामी केली, लिनक्सची डीव्हीडी आत सरकवली आणि बाह्या सरसावल्या.

"थांब गो," काका म्हणाले. "घरात नवी गोष्ट मोठ्यांच्या हातानंच सुरू होते."

ऋजुतानं दात आवळले. "बरं. फाइल सिस्टिम कुठली, असं विचारेल. म्हणजे फायली मांडून ठेवायची पद्धत. तिथं एक्स्ट-फोर घ्या. नव्या पुष्कळ आहेत, पण ही जुनी, मुरलेली. अडलं की जुनं घ्यायचं."

"लक्षात ठेवतो."

तेवढ्यात वीज गेली. काकूंनी काकांना मेथी आणायला धाडलं. काकांनी पिवळी पडलेली जुडी आणली.

"भाजीवाली गाईला घालत होती. मी म्हटलं, जुनी आहे, मुरलेली आहे, आण इकडे!"

"काका! नेहमी ताजं घ्यायचं!" ऋजुता किंचाळली.

"मग तसं सांगायचं. आता लक्षात ठेवतो."

आणि ठेवलं. काकूंनी चटणीला नारळ मागितला. काकांनी माडावरून हिरवंगार शहाळं उतरवलं. काकूंनी फोडलं. आत पाणीच पाणी, खोबऱ्याचा पत्ता नाही.

"आत भरलेलं आहे का बघायचं हो! पोकळ काय कामाचं?"

"मग तसं सांगायचं. आता लक्षात ठेवतो."

वीज आली तेव्हा ऋजुता न्हाणीघरात होती. काका कॉम्प्युटर सुरू करून समोर बसले. स्क्रीननं विचारलं, लिनक्स कुठं बसवू? एक डिस्क रिकामी. दुसरा ऋजुताचा पेनड्राइव्ह, गच्च भरलेला. काकांनी भरलेला घेतला.

'यावरचं सगळं जाईल. चालेल?'

आपल्याला कुणीतरी विचारतंय, याचंच काकांना बरं वाटलं. "चालेल," ते म्हणाले आणि बटण दाबलं.

ऋजुता ओल्या केसांनी धावत आली. "काका, हे काय केलंत?"

"एक्स्ट-फोरच घेतलं गो. तुझ्या शब्दाबाहेर नाही."

"माझे बेडूक गेले! मला माझे बेडूक परत हवेत! आत्ताच्या आत्ता!"

"एवढंच ना?"

काका बादली घेऊन मागच्या ओढ्यावर गेले. परत आले आणि बादली कीबोर्डवर उपडी केली. टेबलभर डराव डराव सुरू झालं.

"घे. ताजे आहेत. बादली काठोकाठ भरून आणली. आणि तो कोपऱ्यातला बघ, जुना, मुरलेला आहे. अडलं तर असू दे."