सोहेलचा शेवटचा डाव

"पण मग जिंकलं कोण, वस्ताद?"

इंद्रजितनं पुन्हा विचारलं. त्याचे सगळे डाव संपले होते, आणि सगळे त्यानं जिंकले होते.

कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात टेबलांवर लढाया मांडल्या होत्या. बोटभर उंचीचे रंगवलेले सैनिक, फासे, मोजपट्ट्या. पंच होते हसूरकर वस्ताद. इंद्रजितला हा खेळ त्यांनीच शिकवलेला.

"बेळगावचा गिरीशपण सगळं जिंकलाय. गुण सारखेच."

"मग?"

"मग तुम्ही ज्यांना हरवलं, ती माणसं दिवसभरात किती जिंकली ते बघायचं. ज्याची जास्त जिंकली, तो वर. लिंबूटिंबूंना हरवून कप मिळत नसतोय."

इंद्रजितला नियम पाठ होता. तरी त्यानं मनात पुन्हा हिशेब मांडला. देशाच्या संघात एकच जागा होती, आणि एकच डाव उरला होता, सांगलीच्या सोहेल मुल्लाचा. सोहेल जिंकला तर इंद्रजित वर. नाहीतर गिरीश.

याच सोहेलला त्यानं सकाळी धुऊन काढलं होतं. आता त्याच्याच खुर्चीमागं उभा राहून तो त्याच्यासाठी नवस बोलू लागला.

सोहेल एका गुणानं पुढं होता. समोरच्या पाटणकर डॉक्टरांनी शेवटची पाळी सोडली आणि कपाळावर हात मारला.

"घोडेस्वार निशाणापाशी न्यायचा राहिलाच की माझा."

निशाण ज्याच्या ताब्यात, त्याला दोन गुण. सोहेलनं नुसतं 'नाही' म्हणायचं होतं.

"न्या की, डॉक्टर," सोहेल म्हणाला. "त्यात काय."

इंद्रजित वस्तादांकडे धावला.

"वस्ताद, पाळी गेली होती. थांबवा डॉक्टरांना."

"समोरचा मुभा देतोय. पंचानं मधी पडायचं नसतंय."

"पण वस्ताद…"

"सकाळी तुझ्याशी खेळताना सोहेलचा पण एक सैनिक असाच राहिला होता न्हवं?"

"…हो."

"मग?"

"मी म्हटलं, पाळी गेली."

घोडेस्वार निशाणापाशी पोचला. सोहेल हरला. त्यानं हसत डॉक्टरांशी हात मिळवला आणि आपले सैनिक डब्यात भरायला घेतले.

पलीकडं गिरीशच्या मित्रांनी त्याला खांद्यावर घेतलं. इंद्रजितला रागही येत होता आणि रडूही.

"मी एकही डाव हरलो नाही, वस्ताद. मग मला हरवलं कुणी? सोहेलनं?"

वस्तादांनी आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"दिवसभर तुझ्यासाठी लढलंय पोरगं. पाणी तरी विचारलंस का त्याला?"