तीन बोटं कमी पडलेली मेणबत्ती

समुद्राकाठी, केळीच्या वाड्यांच्या आड लपलेल्या एका गावात एक आई होती, आणि तिचा नवसांवर फार विश्वास. गाय व्यायली नाही, नवस. मोगऱ्याला कळी धरली नाही, नवस. नवरा बोटीवरून वेळेवर परतला नाही, तर दोन नवस. आणि बोललेला प्रत्येक नवस ती फेडायचीच. मरियामातेला दिलेला शब्द तिने कधी उद्यावर ढकलला नाही.

तिला एकच मुलगी होती, ब्रिजित. गावातल्या सिस्टरांच्या शाळेत ती दहावीला होती.

त्या शाळेची एक जुनी रीत होती. दहावीचा निकाल लागला की कागद भिंतीवर चिकटवत नसत. प्रार्थनाघराच्या घंटेचा दोर अंगणात सोडत आणि पास झालेलं प्रत्येक मूल येऊन स्वतःच्या हाताने एक टोला देई. पहिला आलेला पहिला टोला देई, दुसरा दुसरा, असं शेवटपर्यंत. त्या दिवशी गावात कोणी कामाला जात नसे. लोक उंबऱ्यावर बसून टोले मोजत. वर्गात चाळीस मुलं असली आणि घंटा पस्तिसावर थांबली, की पाच घरांतली माणसं हळूच आत जाऊन दार ओढून घेत. आजवर एकदाही घंटा पुऱ्या वर्गाएवढी वाजली नव्हती.

या आईला एकच आस होती. पहिला टोला आपल्या ब्रिजितचा असावा.

म्हणून जूनमध्ये, शाळा उघडली त्याच दिवशी, तिने मरियामातेपुढे गुडघे टेकले. "माये, माझी पोर पहिली येऊ दे. तिच्या उंचीची मेणबत्ती तुझ्यापुढे लावीन."

घरी आल्याआल्या तिने ब्रिजितला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि टाळूपासून टाचेपर्यंत सुती दोरा धरला.

"आई, हे काय? मला शिवणार आहेस का?"

"गप्प उभी राहा. चवड्यांवर चढू नकोस, देवाला सगळं कळतं."

तोच दोरा मेणबत्तीची वात झाला. आईने तो मागच्या खोलीत आढ्याला टांगला, खाली परात ठेवली. चर्चमध्ये उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे ती मागून आणी, वितळवी आणि दर बुधवारी, चर्चमधली नोव्हेनाची प्रार्थना आटोपली की, पळीपळीने दोऱ्यावर ओती. एक थर, एक प्रार्थना. "पहिली येऊ दे." दुसरा थर. "पहिली येऊ दे." मुलगी वाढत्या वयाची, म्हणून महिन्याच्या पहिल्या बुधवारी पुन्हा माप घ्यायचं, वर गुंडाळलेला दोरा थोडा सोडायचा आणि मेण तिथवर चढवायचं. नवस उंचीचा आहे, त्यात कमी पडून कसं चालेल?

ब्रिजितच्या वर्गात फिलू नावाची मुलगी होती. दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या. त्या पावसाळ्यात फिलूला कावीळ झाली आणि ती दोन महिने अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा डोळ्यांत अजून पिवळी झाक, हातापायांच्या काड्या, आणि अभ्यास इतका मागे पडलेला की कुठून धरावा ते कळेना.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी, भर दुपारी, फिलू धापा टाकत ब्रिजितच्या दारात आली.

"मावशी, ब्रिजित आहे का? तिच्या वह्या हव्या होत्या. आणि भूमितीतलं थोडं समजावलं असतं तर…"

आईच्या हातात पळी होती. पळीत गरम मेण होतं. तिच्या मनात आलं, आज वह्या, उद्या भूमिती, परवा इंग्रजी. माझ्या पोरीचा वेळ हिच्यात जायचा आणि पहिला टोला भलत्याचाच व्हायचा.

"ब्रिजित घरी नाही गो, बाय," ती म्हणाली.

"कधी येईल?"

"काय सांगू? उशीर होईल."

फिलूने मान हलवली. थोडा वेळ उंबऱ्याकडे बघत राहिली आणि आली तशी गेली.

आईने मेण ओतलं. "पहिली येऊ दे." मग मापाचा दुसरा दोरा घेऊन तिने हाक मारली, "ब्रिजित, ये, माप घेऊ."

ब्रिजित आतल्या खोलीतून आली. चौकटीपाशी आली खरी, पण उभी राहिली नाही. खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन.

"हे काय? उभी राहा की."

"घे माप. आज मी एवढीच आहे."

"वेड लागलं का तुला?"

"फिलू आली होती," ब्रिजित म्हणाली. "तू म्हणालीस मी घरी नाही. मी घरातच होते, आई. मला सगळं ऐकू आलं. मी उठून बाहेर यायला हवं होतं. पण मलाही वाटलं, बरं झालं, वेळ वाचला." तिने गुडघे आणखी जवळ ओढले. "म्हणून म्हणते, आज एवढीच आहे. दोरा लाव आणि तेवढीच कर मेणबत्ती."

आईच्या हातातला दोरा तसाच लोंबत राहिला. ज्या पोरीची उंची मोजायला ती निघाली होती, ती पोर तिच्याच एका वाक्याने जमिनीला टेकली होती.

आईला रात्रंदिवस आता एकच घोर लागला. फिलूला घरात घ्यावं तर ब्रिजितचा वेळ जाणार. न घ्यावं तर पोर मान वर करत नाही. आणि नवसाचं काय? बोललेला नवस मध्येच सैल सोडला तर मरियामाता काय म्हणेल?

शेवटी तिने शाळेची वाट धरली. मोठ्या सिस्टर अंगणात गुडघ्यांवर बसून गुलाबाच्या आळ्यांतलं गवत उपटत होत्या.

"सिस्टर, नवस बदलला तर पाप लागतं का हो?"

"कुठला नवस?" सिस्टरांनी गवत उपटणं थांबवलं नाही.

"मुलगी पहिली आली तर तिच्या उंचीची मेणबत्ती."

"बरं. मग बदलायचं काय त्यात?"

आईने पदराचं टोक पिळत सगळं सांगितलं. दारात आलेली फिलू, ते खोटं, जमिनीवर बसलेली ब्रिजित. काही लपवलं नाही.

सिस्टर उठल्या, हात झटकले. "मला सांगा, मरियामातेपुढे गुडघे टेकलेत तेव्हा असं म्हणाला होतात का, की मुलगी पहिली यावी म्हणून मी फिलूला दारातून परत पाठवीन?"

"छे! असं कोण बोलेल?"

"मग नवस कशाला बदलायचा? तो असू द्या आहे तसा. जे तुम्ही बोललाच नव्हता, तेवढं सोडून द्या."

आई परत आली ती घरी गेलीच नाही. म्हणजे गेली, पण फक्त वह्या घ्यायला. वह्यांचा गठ्ठा काखेत मारून ती तडक फिलूच्या दारात.

फिलू खाटेवर बसून उसाच्या गंडेऱ्या चघळत होती. गडबडीने उठायला गेली.

"बस, बस. या ब्रिजितच्या वह्या."

"ब्रिजित आली वाटतं घरी?"

आईला वाटलं, हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. खोट्याला खोटं जोडायला कितीसा वेळ लागतो? पण ती खाटेच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "ती घरीच होती, बाय. मी खोटं बोलले."

"मला ठाऊक होतं, मावशी. तिच्या चपला दारात होत्या."

"आणि तरी काही बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तिलाच मी नकोशी झाले असेन."

आईने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. मग उगाच करड्या आवाजात म्हणाली, "उद्यापासून दुपारी आमच्या ओटीवर यायचं. भात जेवून यायचं नाही, माझ्याकडेच जेवायचं. अंगावर मांस नाही ते नाही, आणि भूमिती करायला निघाली!"

दुसऱ्या दिवशी फिलू आली. चार दिवसांनी फिलूला शोधत आणखी दोघी आल्या. मग वाडीपलीकडचे तिघे. नाताळात बाळ येशूसाठी मांडतात त्या गोठ्याची तयारी सुरू होईतो त्या ओटीवर बसायला चटई पुरेना. ब्रिजित भूमिती समजावी, एक मुलगा मराठीचे धडे असे वाचे की घरातली गायही कान टवकारी. आणि आई कधी पेज, कधी उकडलेली रताळी घेऊन आतबाहेर करी.

"मावशी, तुम्हाला पण परीक्षेला बसवू या का?" एक पोरगा चिडवत म्हणाला. "आता सगळं पाठ झालंय तुमचं!"

"गप रे! आधी ते प्रमेय नीट लिही. काल पण तिथेच अडला होतास."

या धांदलीत बुधवार कधी येई आणि कधी जाई, कळत नसे. नोव्हेनाला ती जाई, पण घरी येऊन मेण वितळवायचं म्हटलं की ओटीवरून हाक येई. मेणबत्ती आढ्याला तशीच लटकत राहिली. आणि माप? ते त्या दिवसानंतर घ्यायचं राहूनच गेलं.

परीक्षा झाली. मोगरा फुलून गेला. जून उजाडला आणि निकालाचा दिवस आला.

वर्गात अडतीस मुलं होती. अंगणात घंटेचा दोर सोडला होता. आई गर्दीत अगदी पुढे उभी होती, जपमाळ मुठीत धरून.

सिस्टरांनी पहिलं नाव घेतलं. पलीकडच्या पाड्यावरची एक अबोल मुलगी पुढे आली, तिने टोला दिला. ठण्ण.

दुसरा एक मुलगा आला. ठण्ण.

तिसरी ब्रिजित.

एक वर्ष, इतके बुधवार, इतके थर! त्या सगळ्या दुपारी ओटीवरच्या पोरांत गेल्या नसत्या तर? मनात आलेला हा प्रश्न तिने पुरता विचारलाही नाही. कारण दोर ओढून ब्रिजित मागे वळली होती, आणि आईकडे न बघता रांगेच्या शेवटाकडे बघत होती. तिथे फिलू उभी होती.

टोले पडत राहिले. दहा. वीस. तीस. लोक पुटपुटत मोजत होते. पस्तीस. छत्तीस. सदतीस.

आणि घंटा थांबली.

उंबऱ्यांवरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. दर वर्षीचंच झालं म्हणायचं. कोणीतरी उसासा टाकला, कोणी घरात जायला वळलं. फिलू दोराखाली उभी होती. तिचे हात दोराला होते, पण दोर हलत नव्हता. एवढी मोठी घंटा आणि तिच्या त्या काड्या!

"ओढ, बाय!" आई ओरडली. आपण ओरडलो हे तिलाही कळलं नाही. "दोन्ही हातांनी! अंगाचा भार टाक! उगाच जेवायला घातलं का तुला?"

फिलूने डोळे मिटले, पाय उचलले आणि दोराला लोंबकळली.

ठण्ण!

अडतीस.

मग केळीच्या वाड्यांतून, ओट्यांवरून, विहिरीकाठावरून असा कल्लोळ उठला की घंटेचा नाद त्यात बुडून गेला. त्या दिवशी गावात एकाही घराचं दार ओढलं गेलं नाही.

शेजारीण आईच्या कानाशी आली. "अगो, रडतेस काय? तुझी तिसरी आली म्हणून?"

"तिसरी?" आईने डोळे पुसले. "हो, तिसरी. पण मोजलेस का तू? अडतीस!"

संध्याकाळी चर्चमध्ये आभाराची मिस्सा-प्रार्थना होती. आईने मेणबत्ती केळीच्या पानांत गुंडाळली आणि तान्हं मूल उचलावं तशी दोन्ही हातांवर घेऊन चर्चच्या दारात आली.

सिस्टरांनी पाहिलं. "पण ब्रिजित तर पहिली आली नाही. नवस लागू झाला नाही तुमचा."

"हा नवस नाही, सिस्टर. हे आभार."

मेणबत्ती मरियामातेपुढे उभी केली. पोरांनी ब्रिजितला हाताला धरून तिच्याशेजारी उभं केलं, माप बघायला. आणि सगळे हसू लागले. मेणबत्ती ब्रिजितच्या कपाळापर्यंतच येत होती. चांगली तीन बोटं कमी.

आईचा चेहरा पडला. "ऑक्टोबरपासून मापच घेतलं नाही बघा. कमी पडली मेणबत्ती."

"कमी नाही पडली," सिस्टर म्हणाल्या. "मुलगी वाढली."

ब्रिजितने फिलूला बोलावलं. दोघींनी एकाच काडीने वात पेटवली. मागच्या जूनमधला दोरा, इतक्या प्रार्थनांचं मेण. ज्योत आधी थरथरली, मग सरळ झाली. आई खाली गुडघे टेकून बसली होती. त्या दिवशी तिने मरियामातेकडे काहीच मागितलं नाही. मागायचं आठवलंच नाही.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच, बाळांनो: आपल्या लेकरासाठी देवाकडे हात जोडताना दुसऱ्याचं लेकरू दारातून परत पाठवू नये. दोऱ्याने मोजता न येणारी माणसाची उंची त्या उघड्या दारातच वाढते.