उंबऱ्याबाहेरची मराठी

एका गावात एक भोळा बाप होता. अंबादास त्याचं नाव. सांगितलं तेवढंच करायचा, पण तेवढं मात्र जीव ओतून करायचा.

त्याची लेक ईश्वरी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पहिलीत गेली. मोठ्या मॅडमनी बजावलं, "घरात मराठी बोलायचं नाही. सोमवारी मी स्वतः बघायला येणार. मराठी कानावर आली, तर मुलीचं नाव कमी करीन."

अंबादास घाबरलाच. पोर नवं दप्तर उशाशी घेऊन झोपत होती हो! आणि याला इंग्रजीतला शब्द यायचा एकच, 'येस'.

पण मॅडम 'घरात' म्हणाल्या होत्या. अंगणाबद्दल काही बोलल्या नव्हत्या. मग काय, मराठी आली की हा उंबऱ्याबाहेर. चहात साखर कमी पडली की उठायचा, अंगणात जायचा, "साखर कमी आहे गं!" म्हणायचा आणि आत येऊन तोच चहा प्यायचा.

शनिवारी गॅसवर दूध वर आलं. बायको, कौसल्या, पाठमोरी भाकरी थापत होती. अंबादासनं दूध पाहिलं. तोंड गच्च मिटून तो बाहेर धावला, चपला घातल्या, अंगणात उभा राहिला आणि ओरडला, "दूध उतू चाललंय!"

तोवर दूध ओट्यावरून जमिनीवर.

"अहो, गॅस बंद करायला हात नव्हते का?" कौसल्या कडाडली. "आता बाहेर पळायचं नाही. घरात बसायचं. कुणी काही विचारलं तर येस म्हणायचं."

"एवढंच?"

"एवढंच!"

अंबादासला बरं वाटलं. केवढी सोयीची भाषा! काका, मामा, मावशीचे यजमान, सगळे मिळून एक अंकल. हो, बरं, चालेल, जेवलो, सगळं मिळून एक येस. इंग्रजांना फार घाई असणार, असं त्याला वाटलं.

रविवारी मारुती न्हावी घरी आला.

"केस बारीक करू?"

"येस."

"आणखी बारीक?"

"येस."

डोक्याचा गोटा झाला. मारुती थट्टेनं म्हणाला, "मग मिशीही काढू का?"

"येस."

मारुतीचा हात थांबला. आमच्याकडे डोकं आणि मिशी एकदम उतरली, म्हणजे घरात कुणीतरी गेलं. तो हळहळला. "अरेरे! म्हातारी गेली का रे?"

"येस."

मिशी उतरली. घटकाभरात अर्धं गाव घरात येऊन रडायला लागलं. अंबादासची आई परसात शेंगा निवडत होती. गलका ऐकून आत आली. "कोण गेलं गं?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता पदर डोळ्यांना लावून तीही रडायला बसली.

कौसल्यानं कपाळावर हात मारला. "अहो, अख्खं गाव आपल्या घरात मराठीत रडतंय! उद्या मॅडम यायच्या. आता येस बंद. घरात जो मराठीत तोंड उघडेल, त्याला हाताला धरून बाहेर काढायचं. मग तो कुणी का असेना!"

"कुणी का असेना?"

"कुणी का असेना!"

सोमवार उजाडला. घर चकाचक केलं, म्हातारीला शेजाऱ्यांकडे बसवून ठेवलं. मॅडम आल्या. ईश्वरीनं रिबिनी सावरत इंग्रजी कविता म्हणून दाखवली. मॅडमनी चार प्रश्न विचारले, चारही बरोबर. मॅडम हसल्या आणि शेरा लिहायला त्यांनी वही उघडली. कौसल्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आढ्यावरून एक पाल पट्कन वहीवर पडली.

"अगं बाई गं! मेले मी!" मॅडम किंचाळल्या.

अंबादास उठला. मॅडमना हाताला धरून उंबऱ्याबाहेर घेऊन गेला, अंगणाच्या मधोमध उभं केलं. मग हात जोडून अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. पण आमच्या घरात मराठी चालत नाही. पोरीच्या शाळेचा प्रश्न आहे."