वाऱ्याचे अंग आणि वाऱ्याची ओढ

एका राज्यात, जिथे वाऱ्यालासुद्धा दरबारी शिस्त पाळावी लागे, नियमसेन नावाचा राजा होता. सिंहासनामागच्या भिंतीवर त्याने सुवर्णाक्षरांत कोरून घेतले होते: 'जागा अर्धी, तर जोर दुप्पट. वाऱ्याला अंग नाही, ओढ नाही.' जी वस्तू नियमाबाहेर वागे, तिला भर दरबारात वेताची छडी मिळे. घराण्याची तशी रीतच होती.

एकदा हंड्यात कोंडलेल्या वाऱ्याचा जोर नियमाहून किंचित कमी भरला. राजाने त्याला छड्या मारल्या. त्याच क्षणी वाऱ्यांचा स्वामी, मरुद्गुप्त मांत्रिक, गवाक्षातून आत उतरला.

"निरपराधाला मारलेस! तुझी राणी वाफ होवो!"

विडा लावता लावता राणी हेमांगिनी वाफ झाली आणि मांत्रिकाच्या स्फटिकाच्या कुपीत शिरली. कुपीच्या तोंडाशी सोन्याचा दट्ट्या होता.

"या वाफेचा थेंब झाला, तरच राणी परतेल; पण तुझ्या नियमातला वारा कधीही थेंब होत नाही," मांत्रिक म्हणाला. "नियमात उणे नसेल, तर राणी गेलीच समज. जो माझी तीन कामे करील, त्याला ती मिळेल. सूर्य मावळताच मी कुपी उघडीन. मग आकाशात शोधत बसा."

राजकन्या मृणालवतीने तबकातल्या अर्ध्या विड्याकडे पाहिले. डोळे पुसून ती पुढे झाली. "कामे सांगावीत."

"जिथे वारा नियम तंतोतंत पाळील, ती जागा दाखव."

राजकन्या उद्यानातल्या बोलक्या धनेश पक्ष्याकडे गेली.

"धनेशकाका, आपण वाऱ्यावर राहता. त्याचा स्वभाव कसा?"

"माझ्या पिलांसारखा," धनेश चोच आपटून म्हणाला. "पिले इवलीशी, ढोली ऐसपैस आणि ऊब भरपूर, मग कोणी कोणाकडे ढुंकून पाहत नाही. पिले वाढली, की कोपराला कोपर! आणि गारठा पडला, की तीच भांडखोर एकमेकांना बिलगून निजतात."

राजकन्या हसली. तिने दरबाराचा मोठा महाल शेगड्यांनी तापवला, दारे लावली, त्यात हंडाभर वारा सोडला आणि सरकती भिंत ओढून जागा अर्धी केली. जोर बरोबर दुप्पट झाला. राजाची मान ताठ झाली.

"आता हंडाभर वारा मुठीएवढ्या जागेत बसव," मांत्रिक म्हणाला.

राजाने हंड्याच्या तोंडाशीही दट्ट्या बसवून त्यावर नियमाप्रमाणे वजने रचविली. दट्ट्या मुठीच्या बराच वर अडला. राजाने छडी उगारली. राजकन्येने ती वरच्या वर धरली.

"तात, यालाही अंग आहे. त्या अंगाने जागा अडवली, यात त्याचा काय अपराध?"

तिने आणखी वजने ठेवविली, नियमाला ठाऊक नव्हती तितकी. वारा मुठीत बसला.

"आता आई आण," मांत्रिक हळूच म्हणाला. सूर्य तटाला टेकला होता.

राजाला धीर निघेना. तापलेल्या दरबारात तो स्वतःच कुपीचा दट्ट्या दाबू लागला. वाफ तडफडली, थेंब मात्र झाला नाही.

"थांबावे! ऊब आहे तोवर कोणी कोणाला बिलगणार नाही," राजकन्या म्हणाली आणि गवाक्षातून उद्यानाकडे ओरडली, "काका, हिमशिखरावरचा बर्फ आणा!"

धनेश मोठ्या चोचीत बर्फ भरून आला. "माझी चोच बधिर झाली, राजकन्ये. हे स्मरणात असू दे!"

कुपी बर्फात ठेवून राजकन्येने दट्ट्यावर एक बोट टेकले. कण ओढीने कणाजवळ आला, थांबला, बिलगला. स्फटिकावर दव चमकले. पहिला थेंब ओघळला आणि राणी हेमांगिनी ओल्या केसांनी दरबारात उभी राहिली. तिने तबकाकडे पाहिले.

"या विड्याला इतका चुना कोणी फासला?"

"तुझी वाट पाहताना माझे हात स्वस्थ राहीनात," राजा पुटपुटला आणि सगळा दरबार खदखदून हसला.

राजाने छडी मोडून शेगडीत टाकली. "तुझा जोर कमी भरला, तो याच ओढीने," म्हणत वाऱ्याने भरलेल्या हंड्यापुढे त्याने मुकुट उतरविला. मग छिन्नी मागवून भिंतीवरची दुसरी ओळ स्वतः खोडली आणि पहिलीखाली वेड्यावाकड्या अक्षरांत कोरले: 'ऐसपैस जागी, उबेत. एरवी अंग आणि ओढ हिशेबात धरावी.'

मांत्रिक संतोषाने वाऱ्यावर बसून गेला. राणीने नवा विडा लावला आणि पहिला मान बधिर चोचीच्या धनेशाला दिला. अजून त्या राज्यात कोंडलेला वारा मोजण्याआधी त्याला नमस्कार करतात.